धर्मस्वातंत्र्य कोणाचे?
कॅथॉलिक विचार आणि दलित ख्रिस्ती माणूस

(१)

हा लेख लिहायला बसलो तेव्हा माझ्यासमोर दोन पुस्तके होती. एक, रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा. दुसरे, तमिळ लेखिका बामा यांचे ‘करुक्कू’ हे १९९२ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन. जाहीरनामा लॅटिनमध्ये लिहिला गेला आणि जगभरच्या बिशपांनी तो २३०८ विरुद्ध ७० अशा मतांनी स्वीकारला. ‘करुक्कू’ लिहिले ते परैयर जातीत जन्मलेल्या, सात वर्षे मठात काढून बाहेर पडलेल्या एका बाईने, आपल्या वस्तीच्या बोलीत. दोन्ही एकाच चर्चच्या पोटातून आलेली आहेत आणि दोन्हींचा विषय मानवी प्रतिष्ठा हाच आहे. मात्र पहिल्यात ही प्रतिष्ठा प्रत्येकाला जन्मतः आहे असे गृहीत धरून पुढची मांडणी केलेली आहे, आणि दुसऱ्यात ती न मिळाल्याची हकीकत आहे.

मी बौद्ध आहे. कॅथॉलिकांच्या घरातील या वादाशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली आणि त्याच आदेशात हिंदू धर्म न मानणाऱ्यास या यादीत स्थान नाही अशी अट घातली गेली. १९५६ साली नागपूरला आम्ही बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या कागदोपत्री एका दिवसात आमची जात नाहीशी झाली. गावकुसाबाहेरचे घर मात्र होते तिथेच राहिले. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आम्ही धर्मांतराचा दंड भरला. तेव्हा धर्माचे स्वातंत्र्य आणि भेदभावाविरुद्धचा कायदा यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आमच्या अंगावरून गेलेला आहे. दलित ख्रिस्ती माणूस अजून तोच दंड भरतो आहे, आणि त्याच्या बाबतीत दंड घेणाऱ्यांमध्ये शासनाच्या जोडीला त्याचे चर्चही उभे आहे.

पाश्चात्त्य कॅथॉलिक चर्चेत हे दोन हक्क एकमेकांसमोर शत्रूसारखे उभे केले जातात. भेदभावाविरुद्धचा कायदा वाढला की धर्मस्वातंत्र्य आकसते, अशी ती मांडणी आहे. मला ती मांडणी दलिताच्या जागेवरून तपासायची आहे.

(२)

प्रथम जाहीरनाम्याविषयी. त्याचे मोल कमी लेखून चालणार नाही. १८६४ साली नववा पायस या पोपने ऐंशी चुकीच्या मतांची एक यादी प्रसिद्ध केली होती. माणसाने आपल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारावा, हे मतही त्या यादीत ‘चुकीचे’ म्हणून नोंदलेले होते. चुकीला हक्क नसतो, ही जुनी भूमिका. जॉन कोर्टनी मरी या अमेरिकन जेझुइट विचारवंताने ती बदलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १९५० च्या दशकात रोमकडून त्याला या विषयावर लिहिणे थांबवायला सांगण्यात आले. पुढे तोच मरी परिषदेत तज्ज्ञ म्हणून आला आणि जाहीरनाम्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक ठरला. शंभर वर्षांत एवढे वळण घेणे ही सामान्य गोष्ट नाही. ज्यांना परंपरा म्हणजे दगडावरची रेघ वाटते, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. अर्थात असे वळण आपोआप येत नसते. कोणीतरी ते आधी आपल्या अंगावर घ्यावे लागते.

जाहीरनाम्याचा गाभा असा : हक्क सत्याला नसतो आणि असत्यालाही नसतो, हक्क माणसाला असतो. माणसाला स्वतःची प्रतिष्ठा आहे, म्हणून धर्माच्या बाबतीत त्याच्यावर कोणाचीही सक्ती असू नये. येथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ही सक्ती फक्त शासनाची नव्हे. व्यक्तींची, सामाजिक गटांची, कोणत्याही मानवी सत्तेची सक्ती तेथे नाकारलेली आहे. ‘सामाजिक गट’ हे शब्द वाचताच आपल्याकडच्या माणसाला जात आठवली पाहिजे. पण जाहीरनाम्यावरचे बहुतेक भाष्य युरोप-अमेरिकेत लिहिले गेले. त्यांच्यासमोर एका बाजूला साम्यवादी राजवटी होत्या आणि दुसऱ्या बाजूला निधर्मी शासने. म्हणून सक्ती करणारा म्हटला की त्यांना सरकारच दिसले. सक्ती करणारा माणूस मिस्सेला आपल्याच शेजारच्या बाकावर, किंवा खरे तर पुढच्या बाकावर, बसलेला असू शकतो, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

पुढे जाहीरनामा दोन गोष्टी सांगतो. धार्मिक समुदायांना आपला कारभार आपल्या नियमांनी चालवण्याची आणि आपले धर्मगुरू स्वतः निवडण्याची मोकळीक असावी, ही एक. शासनाने कायद्यापुढील समानता राखावी आणि धर्माच्या कारणावरून उघड वा छुपा भेदभाव होऊ देऊ नये, ही दुसरी. म्हणजे समुदायाची स्वायत्तता आणि नागरिकाची समानता ही दोन्ही तत्त्वे त्याच दस्तऐवजात शेजारीशेजारी नांदत आहेत. त्याच दिवशी परिषदेने आधुनिक जगातील चर्चविषयीचा दुसरा एक दस्तऐवज संमत केला. त्यात वंश, लिंग, भाषा, धर्म आणि सामाजिक स्थिती यांवरून होणारा प्रत्येक भेदभाव ईश्वराच्या इच्छेविरुद्ध ठरवला आहे. विचारात कमतरता फारशी नाही. प्रश्न आहे तो प्रसंग आल्यावर यातले कोणते पान उघडले जाते हा.

(३)

अमेरिकेत कोणते पान उघडले गेले, ते थोडक्यात पाहू. २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे कॅलिफोर्नियातील दोन कॅथॉलिक शाळांतल्या शिक्षिकांची प्रकरणे आली. एकीचे म्हणणे, वय झाले म्हणून मला काढले. दुसरीचे म्हणणे, कर्करोगाच्या उपचारासाठी रजा लागेल असे सांगितल्यावर मला काढले. शाळांनी उत्तर दिले की या बायका मुलांना धर्म शिकवीत होत्या, म्हणून त्यांची निवड हा आमच्या धार्मिक स्वायत्ततेचा भाग आहे. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी शाळांचे म्हणणे मान्य केले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया शहराविरुद्ध एका कॅथॉलिक सेवासंस्थेचा दावा निकाली निघाला. समलिंगी जोडप्यांना मुलांचे पालक म्हणून आम्ही प्रमाणित करणार नाही, अशी संस्थेची भूमिका होती आणि तीही जिंकली.

या दोन प्रकरणांत फरक आहे. दुसऱ्यात निदान विवाहाविषयीच्या एका धर्ममताचा प्रश्न होता. ते मत मला मान्य नाही. पण ते चर्चचे मत आहे हे नाकारता येत नाही. पहिल्यात धर्ममत कोठे होते? वय झालेल्या किंवा आजारी शिक्षिकेला काढावे, असे ख्रिस्ताने कोठेही सांगितलेले नाही. आपला धर्मगुरू कोण असावा हे सरकारने ठरवू नये, इथपर्यंत मी चर्चच्या बाजूचा आहे. परंतु धर्मगुरूसाठी असलेली छत्री एकदा शिक्षिकेच्या डोक्यावर धरली की तिच्या सावलीत श्रद्धेशी संबंध नसलेल्या कितीतरी गोष्टी लपू शकतात. स्वातंत्र्य मूळ माणसाचे होते. ते संस्थेच्या हाती गेले आणि माणसाविरुद्धच वापरले गेले. अमेरिकेतील हे स्थित्यंतर लक्षात ठेवून आपण आता भारताकडे वळू. कारण येथे लपवायची गोष्ट जात आहे.

(४)

भारतातील कॅथॉलिक चर्चचा जातीविषयीचा विचार व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधीचा आहे. रॉबर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुराईला आला. ब्राह्मणांना ख्रिस्ती करायचे तर त्यांची राहणी त्यांना ठेवू दिली पाहिजे, असे त्याचे मत होते. जानवे आणि शेंडी ही धर्माची नव्हेत तर सामाजिक दर्जाची चिन्हे आहेत, असा युक्तिवाद त्याने केला आणि १६२३ साली पंधराव्या ग्रेगरी पोपने तो मान्य केला. पुढे त्या मिशनात उच्च जातींसाठी वेगळे आणि खालच्या जातींसाठी वेगळे मिशनरी झाले. १७०४ साली रोमचा प्रतिनिधी तुर्नों याने, आजारी परैयराला अखेरचे संस्कार देण्यासाठी त्याच्या घरात जाण्यास मिशनऱ्यांनी नकार देऊ नये, असा हुकूम काढला. त्यावर मोठा वाद झाला. १७४४ साली चौदाव्या बेनेडिक्ट पोपने तोडगा मान्य केला : परैयरांसाठी वेगळे मिशनरी नेमावेत. मरणाऱ्या माणसाच्या उंबरठ्यावर कोणी पाय ठेवायचा, हा प्रश्न चाळीस वर्षे चालला आणि शेवटी पाय वेगळे करून सुटला.

या इतिहासात एक विचार दडलेला आहे. जात ही धार्मिक नाही, सामाजिक आहे. म्हणून ती चर्चमध्ये घेऊन आले तरी चालेल. आता याच्या शेजारी १९५० चा आदेश ठेवा. त्याचा विचार नेमका उलटा आहे. जात आणि अस्पृश्यता ही हिंदू धर्मातली. म्हणून तो धर्म सोडणाऱ्याची जात गेली. रोम म्हणाले जात धर्माबाहेरची आहे आणि ब्राह्मणाचे जानवे शाबूत राहिले. दिल्ली म्हणाली जात धर्मातली आहे आणि ख्रिस्ती झालेल्या परैयराचे संरक्षण गेले. दोन परस्परविरोधी सिद्धान्त, आणि दोन्ही वेळा हरला तो एकच माणूस. मला वाटते, या विषयाची गुरुकिल्ली येथे आहे. जातीची व्याख्या करताना ज्याची जात त्याला जाचते, त्याला दोघांनीही विचारले नाही.

बाबासाहेबांनी मात्र ते ओळखले होते. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत ते १९८९ साली आले. मद्रास इलाख्यातील अस्पृश्य ख्रिस्त्यांनी सायमन कमिशनपुढे मांडलेले गाऱ्हाणे त्यांनी तेथे विचारात घेतले आहे. आम्ही ख्रिस्ती झालो तरी अस्पृश्यच राहिलो, असे त्या गाऱ्हाण्याचे सार होते. धर्मांतर केले पण जातीविरुद्ध लढण्याची प्रेरणा त्यातून मिळाली नाही, ही बाबासाहेबांची तक्रार होती. १९५० साली हे गाऱ्हाणे वीसएक वर्षांचे जुने होते. आदेश काढणाऱ्यांनी ते वाचले असते, तर ती अट त्यांना घालता आली नसती.

(५)

‘करुक्कू’ कडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांच्या इंग्रजी अनुवादातून मी ते वाचले. ताडाच्या पानाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात. त्यावरून हे नाव आले आहे. मराठीत ‘बलुतं’ १९७८ साली आले, त्यानंतर दलित आत्मकथनांची एक वाट तयार झाली. त्या वाटेवरच्या लेखकाला देव नाकारणे तुलनेने सोपे होते, कारण तो देव देवळाच्या भिंतीपलीकडचा, दुसऱ्यांचा होता. बामा यांची अडचण वेगळी आहे. त्यांचा देव त्यांच्या घरातलाच आहे. लहानपणापासूनच्या प्रार्थना, सण, मिस्सा हे सारे त्यांचे आहे. त्यामुळे त्यांचा नकार देवाला नाही, देवाच्या व्यवस्थापकांना आहे.

गावातला वयस्क माणूस खाऊचा पुडा दोरीला धरून, हात न लावता, नायकर जमीनदाराकडे नेतो. लहान मुलीला ते पाहून हसू येते. नंतर भाऊ तिला त्याचा अर्थ सांगतो आणि हसू विरते. हा प्रसंग गावातला आहे आणि तो मराठी वाचकाला परका नाही. पण पुढे मठात, धर्मभगिनी होण्याच्या शिक्षणाच्या काळात, एक सिस्टर सांगते की काही संघांमध्ये हरिजन मुलींना घेत नाहीत आणि त्यांच्यासाठी कोठेतरी वेगळा संघ आहे. गावातला दोरीला लटकलेला पुडा येथे मठाच्या आत आला आहे. बेनेडिक्ट पोपचा १७४४ चा तोडगा अडीचशे वर्षांनी एका तरुण मुलीच्या कानावर पडतो आहे. बामा यांनी तो इतिहास सांगितलेला नाही. त्यांनी फक्त ऐकताना काय वाटले ते सांगितले आहे. त्यामुळे ते जास्त खरे वाटते.

बामा पुढे आणखी एक गोष्ट ओळखतात. त्यांना जो ख्रिस्त शिकवला गेला तो नम्र, सोशीक, आज्ञाधारक होता. अन्यायावर संतापणारा, गरिबांच्या बाजूने उभा राहणारा ख्रिस्त त्यांना स्वतः बायबल वाचून शोधावा लागला. जाहीरनाम्याच्या भाषेत सांगायचे तर सामाजिक गटाच्या सक्तीतून सुटून सत्याचा शोध घेण्याचा हक्क त्यांनी बजावला. माझे म्हणणे असे आहे की १९६५ च्या जाहीरनाम्याचा भारतातील एक खरा आविष्कार या पुस्तकात आहे; आणि तो चर्चच्या छत्राखाली न होता तिच्या फाटकाबाहेर पडून झाला.

पुस्तकाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. ‘करुक्कू’ मध्ये कायदा येतो तो पोलिसांच्या लाठीच्या रूपाने. स्मशानाच्या जागेवरून परैयर आणि चालियर यांच्यात भांडण होते आणि पोलीस वस्तीत घुसून माणसांना झोडपतात. संविधानाचे सतरावे कलम, अस्पृश्यता नष्ट करणारे, या पुस्तकात कोणाच्या मदतीला येत नाही. मठातून बाहेर पडलेल्या बाईला कोणत्या न्यायालयात जाता येईल, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाही. हा दोष लेखिकेचा म्हणावा की कायद्याचा? मला वाटते, जो कायदा ज्याच्या अनुभवात कधी आलाच नाही, तो त्याच्या लेखनात येणार कसा? तो प्रश्न समीक्षकाने पुढे नेला पाहिजे.

(६)

तो प्रश्न न्यायालयात पोचला होता. सूसाई नावाचा आदिद्रविड ख्रिस्ती माणूस मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चांभारकाम करी. अशा कारागिरांना सरकारने टपऱ्या फुकट दिल्या. सूसाईला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याचा अर्ज फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे असे की धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवणे पुरेसे नाही. हिंदू समाजव्यवस्थेत भोगावी लागणारी दडपणूक ख्रिस्ती समाजातही तितक्याच तीव्रतेने चालू आहे याचा पुरावा पाहिजे, आणि तो समोर नाही.

हा पुरावा कोणाकडे होता? चप्पल शिवणाऱ्या सूसाईकडे नव्हता. तो चर्चकडे होता. वेगळ्या बसण्याच्या जागा, वेगळ्या मिरवणुकींच्या वाटा, वेगळे दफनाचे कोपरे, धर्मगुरूंच्या आणि बिशपांच्या जाती, हे सारे चर्चला ठाऊक होते. म्हणजे दलित ख्रिस्ती माणसाला कायद्याचे दार उघडायचे तर त्याच्या चर्चने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला हवी होती. आणि चर्चचा अभिमान तर हाच की आमच्यात जात नाही! या पेचात सूसाई चिरडला गेला.

साक्ष दिलीच नाही असे मी म्हणत नाही. भारतीय बिशपांच्या परिषदेने १९८२ साली तिरुचिरापल्लीला, जात म्हणजे ख्रिस्ती धर्माचा नकार, अशा आशयाचे निवेदन केले. २००३ साली दुसऱ्या जॉन पॉल पोपने तमिळनाडूच्या बिशपांना जातीच्या पूर्वग्रहाबद्दल खडसावले. डिसेंबर २०१६ मध्ये बिशपांनी दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव असल्याचे त्यात मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. पण याच काळात, मार्च २००८ मध्ये, तमिळनाडूतील एरैयूर गावी दलित कॅथॉलिकांनी समान वागणुकीची मागणी केली तेव्हा वन्नियर कॅथॉलिकांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. मारणारे आणि मार खाणारे एकाच वेदीवरून प्रसाद घेणारे होते. धोरणाचा कागद आणि गावातला रस्ता यांत हे अंतर आहे.

कायद्याकडून काय मिळते तेही पाहा. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा त्याच धर्माच्या माणसाला प्रार्थनास्थळात अस्पृश्य म्हणून अडवणे हा गुन्हा ठरवतो. तो कागदावर तरी दलित ख्रिस्त्याच्याही उपयोगी यावा. पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जातीच्या व्यक्तीसाठी आहे आणि अनुसूचित जाती कोणत्या हे १९५० चा आदेश सांगतो. बाप्तिस्मा घेतला की ते कवच गळून पडते. दगड मारणारा मात्र बाप्तिस्म्याचा दाखला पाहून दगड मारत नाही.

(७)

आता संस्थेच्या हक्काकडे येऊ. संविधानाच्या पंधराव्या कलमात २००५ च्या त्र्याण्णवाव्या दुरुस्तीने पाचवे उपकलम आले. खाजगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशातही अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीयांसाठी तरतूद करण्याची मुभा शासनाला मिळाली. अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या आहेत. चर्चच्या शाळा-महाविद्यालये या सवलतीत येतात. अल्पसंख्याकांच्या संस्थांना संरक्षण असावे, हे मला मान्य आहे. पण शासनाकडे दलित ख्रिस्त्यांसाठी राखीव जागा मागणारे चर्च स्वतःच्या महाविद्यालयात सवलतीच्या भिंतीआड बसते, हे चित्र पाहून वाचकानेच विचार करावा. कायदा सक्ती करीत नाही एवढेच. स्वखुशीने जागा देण्यास कायद्याने कोणाचा हात धरलेला नाही.

या बाबतीत महाराष्ट्राचा एक जुना दाखला आहे. मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. धर्मपंथाला आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे, असे बहुमताने म्हटले. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे पडले. बहिष्कृत माणूस आपल्या समाजात अस्पृश्यच होतो, आणि असा कायदा मानवी प्रतिष्ठेचे रक्षण करतो, अशी त्यांची भूमिका होती. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा जुना निर्णय फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवला. प्रतिष्ठेचा जो शब्द रोमने १९६५ मध्ये आपल्या जाहीरनाम्याच्या माथ्यावर लिहिला, तो एका भारतीय न्यायमूर्तीने तीन वर्षे आधी धर्मसत्तेच्या विरुद्ध बहिष्कृताच्या बाजूने वापरला होता.

केरळातील क्नानाय कॅथॉलिकांचे प्रकरण याच जातीचे आहे. सिरियन व्यापाऱ्यांचे वंशज म्हणवणारा हा समाज रक्तशुद्धीसाठी आपसातच विवाह करतो. त्यांच्यासाठी दहाव्या पायस पोपने १९११ साली कोट्टायमला वेगळा धर्मप्रांत दिला. बाहेरच्या कॅथॉलिकाशीच लग्न केले तरी सभासदत्व जाते, अशी तेथे रीत. ३० एप्रिल २०२१ रोजी कोट्टायमच्या न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली आणि जिल्हा न्यायालयाने २०२२ साली तो निकाल कायम केला. धर्मप्रांताचा बचाव होता धर्मस्वातंत्र्याचा. आता पाहा : ज्याच्याशी लग्न केले तोही कॅथॉलिक, बाप्तिस्मा तोच, पोप तोच. मग श्रद्धेचा फरक कोठे राहिला? उरले ते रक्त. रक्ताच्या रक्षणाला धर्मस्वातंत्र्याचे नाव दिले गेले.

२ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे व्यापणारी आहे. म्हणून धर्म म्हणजे काय याची मर्यादा आखली पाहिजे. ती मर्यादा पंचविसाव्या कलमाच्या रचनेत आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि मूलभूत हक्कांची अन्य कलमे यांच्या अधीन ते स्वातंत्र्य दिलेले आहे. सतराव्या कलमाला मात्र कोणताही अपवाद नाही.

(८)

चर्चची एक भीती खरी आहे आणि ती मी मान्य करतो. धर्माचे सार काय हे शासन ठरवू लागले तर अल्पसंख्याकाला धोका असतो. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घातले. त्या कायद्यांना नाव काय दिले, तर धर्मस्वातंत्र्य! स्टॅनिस्लाउस या धर्मगुरूंच्या प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. नंतर असे कायदे वाढतच गेले. या कायद्यांचा पहिला मार दलित-आदिवासींच्या धर्मांतरावर आहे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली, ती धर्मस्वातंत्र्याचीच घोषणा होती. तेव्हा धर्मस्वातंत्र्य ही चर्चइतकीच आमचीही गरज आहे.

आमच्याही बाजूचे काही जण म्हणतात की ख्रिस्ती आत आले तर आमचा वाटा कमी होईल. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढावी अशी शिफारस केली आणि २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला, तेव्हा हे पुन्हा ऐकू आले. वाट्याचा प्रश्न खोटा नाही. तो एकूण जागा वाढवून सोडवावा लागेल. पण अत्याचारापासून संरक्षण दिल्याने कोणाची एकही जागा कमी होत नाही. आणि हेच शब्द १९९० च्या आधी बौद्धांविषयीही बोलले जात होते, हे आपण तरी विसरू नये.

या साऱ्यातून मला एवढेच म्हणायचे आहे. दलित ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत धर्माचे स्वातंत्र्य आणि भेदभावाविरुद्धचा कायदा हे दोन हक्क भांडत नाहीत. ख्रिस्ती होण्याचे त्याचे स्वातंत्र्य १९५० च्या आदेशाने महाग केले आहे, आणि ख्रिस्ती म्हणून माणसासारखे जगण्याचे स्वातंत्र्य जातीने अडवले आहे. दोन्ही अडथळे दूर होतील तर त्याला एकच हक्क पूर्ण मिळेल. भांडण दिसते ते मध्ये संस्था उभी राहून आपली सवलत हीच माणसाची स्वतंत्रता आहे असे सांगू लागते तेव्हा. जात आमच्या श्रद्धेत नाही, असे चर्च स्वतःच्या तोंडाने सांगत आले आहे. मग जातीविरुद्धच्या कायद्यापुढे श्रद्धेची ढाल धरण्याचा अधिकार तिला उरत नाही.

चर्चने आयोगापुढे निवेदन देण्याबरोबर पुरावा ठेवावा : कोणत्या गावात दफनभूमीला भिंत आहे, कोणत्या संघात किती दलित मुली घेतल्या आणि किती परत पाठवल्या, कोणत्या महाविद्यालयात किती जागा दिल्या. बामा यांनी आपल्या एकटीच्या जोरावर अशी साक्ष १९९२ सालीच दिली आहे. तिच्या पाठीमागे ना परिषद होती ना वकील. सूसाईच्या अर्जाला जो कागद हवा होता, त्याचे पहिले पान तिने लिहून ठेवले आहे. उरलेली पाने चर्चच्या कपाटात आहेत.